धूमकेतु : कथेंतला आणि प्रयोगशाळेंतला

मराठींतील विज्ञानकथेचा विचार करतांना आमचे टीकाकार बहुधा दोन मापें वापरतात, आणि दोन्ही मापें खोटीं आहेत. पहिलें माप सवलतीचें. विज्ञान लोकांपर्यंत पोंचविण्याचें सत्कार्य लेखकानें केलें आहे. मग पात्रें कचकड्याचीं असलीं, संवाद व्याख्यानासारखे झाले, तरी तिकडे डोळेझांक करावी, असें हें माप सांगतें. दुसरें माप उपेक्षेचें. जेथें यंत्र आलें, गणित आलें, तेथें वाङ्मय संपलें असें समजून हे टीकाकार अशी कथा वाचण्याचीहि तसदी घेत नाहींत. सवलत आणि उपेक्षा या सख्ख्या बहिणी आहेत. कारण कथेंतील विज्ञान तपासून पाहावें, तें कथेंत कोणतें काम करतें याचा शोध घ्यावा, अशी गरज दोघींनाहि वाटत नाहीं.

डॉ. जयंत विष्णु नारळीकर २० मे २०२५ रोजीं पुण्यास निवर्तले. त्यानंतर त्यांच्यावर पुष्कळ लिहिलें गेलें. तें बहुतेक कृतज्ञतेचें लेखन होतें, आणि तसें असणें योग्यच होतें. १९७४ सालीं मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेस ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनांवानें ‘कृष्णविवर’ ही कथा पाठविणारा हा जगन्मान्य ज्योतिर्विद् पुढें मराठी विज्ञानकथेचा आधार झाला. नाशिक येथें २०२१ सालीं भरलेल्या ९४ व्या साहित्यसंमेलनाचें अध्यक्षपद त्यांच्याकडे आलें, तें याच सेवेची पोंच म्हणून. परंतु कृतज्ञता हें परीक्षणाचें काम करूं शकत नाहीं. लेखक मोठा असेल तर त्याचें लेखन कसोटीस लावणें हाच त्याचा खरा मान. म्हणून त्यांच्या ‘धूमकेतू’ या बहुश्रुत कथेचा येथें थोड्या बारकाईनें विचार करावयाचें योजिलें आहे.

कथा थोडक्यांत अशी. दत्तदा हे एक बंगाली गृहस्थ. आकाशनिरीक्षणाचा त्यांना नाद. आपल्या दुर्बिणींतून पाहतांना त्यांना एक नवा धूमकेतु सांपडतो आणि रिवाजाप्रमाणें त्याला त्यांचें नांव दिलें जातें. त्यांची पत्नी इंद्राणीदेवी मात्र या कीर्तीनें हरखून जात नाहीं. धूमकेतु अशुभ, त्याच्याशीं आपल्या पतीचें नांव जोडलें जावें याचें तिला दुःखच होतें. तिकडे इंग्लंडांत गणितावरून असें दिसूं लागतें कीं, हा धूमकेतु पृथ्वीवर आदळण्याचा संभव आहे. लोकांत घबराट होऊं नये म्हणून तें गणित प्रसिद्ध होऊं दिलें जात नाहीं. निवडक शास्त्रज्ञ गुप्तपणें एकत्र येतात, आणि अण्वस्त्रें पाठवून धूमकेतूला वाटेवरून ढकलण्याचें ठरतें. इकडे घरीं इंद्राणीदेवी अशुभाच्या निवारणार्थ यज्ञ करविते. धूमकेतु वळतो. यज्ञाला फळ आलें असें ती समजते, आणि अशा समजुतींचें ओझें समाज कधीं टाकील या विचारानें दत्तदा खिन्न होतात.

या कथेचे गुण आधीं सांगितले पाहिजेत. भाषा सरळ आहे. कोठेंहि पांडित्याचा अवडंबर नाहीं. गणिताचा भाग वाचकाच्या अंगावर न टाकतां त्याचा परिणाम तेवढा सांगण्याचें कसब लेखकास साधलें आहे. सर्वांत मोठा गुण शेवटाचा. एखादा उपदेशक लेखक असता तर इंद्राणीदेवीचे डोळे शेवटच्या पानावर उघडले असते आणि तिनें पतीची क्षमा मागितली असती. नारळीकरांनीं तसें केलें नाहीं. समजूत इतक्या सहजासहजीं जात नाहीं हें सत्य त्यांनीं कथेच्या सुखान्तासाठीं मोडलें नाहीं. हा प्रामाणिकपणा त्या काळच्या प्रबोधनपर लेखनांत विरळा आहे.

आतां आक्षेप. त्यासाठीं थोडें मागें जावें लागेल.

नांदेड-लातूरकडील माणसाच्या कानांत या आकाशस्थ वस्तूचीं तीन नांवें आहेत. जुन्या माणसांच्या तोंडीं ‘शेंडेनक्षत्र’. पोथीच्या आणि पंचांगाच्या भाषेंत ‘धूमकेतु’. आणि निजामी राजवटींत ज्यांचें शिक्षण उर्दूंतून झालें त्यांच्या पाठ्यपुस्तकाच्या भाषेंत ‘दुमदार सितारा’. पहिल्या नांवांत शेंडी आहे, तिसऱ्यांत शेपूट आहे. दोन्ही नांवें डोळ्यांना दिसलें तेवढेंच सांगतात. मधलें नांव अधिक कांहीं सांगूं पाहतें. धूर हाच ज्याचा ध्वज, तो धूमकेतु. संस्कृतांत हा शब्द अग्नीसहि लावीत. म्हणजे या नांवांत एक अनुमान दडलें आहे. धूर आहे, त्या अर्थीं आंत कांहीं जळत असलें पाहिजे. जळणें आणि भय यांचें नातें सांगावयास नकोच.

वराहमिहिरानें बृहत्संहितेच्या केतुचाराध्यायांत या विषयाचा जो विचार केला आहे तो आजच्या वाचकानें अवश्य पाहावा. केतूंचा उदय आणि अस्त गणितानें जाणतां येत नाहीं, असें तो मोकळेपणानें सांगतो. केतु दिव्य, आंतरिक्ष आणि भौम असे तीन प्रकारचे; कोणी त्यांची संख्या एकशें एक मानतात, कोणी एक हजार, आणि नारदाच्या मतें तो एकच असून अनेक रूपें घेतो, अशीं परस्परविरुद्ध मतेंहि तो नोंदवितो. येथपर्यंत तो शास्त्रज्ञ आहे. परंतु यानंतर कोणत्या दिशेच्या, कोणत्या वर्णाच्या केतूचें काय फळ, कोणत्या राजाचा नाश, कोणत्या देशांत दुष्काळ, हें तो निःशंकपणें सांगूं लागतो. कारणाविषयीं इतका सावध असलेला माणूस परिणामाविषयीं इतका निश्चिन्त कसा, असा प्रश्न पडतो. पण उत्तर अवघड नाहीं. जें गणितांत बसत नाहीं तें नियमाबाहेरचें. आणि जें नियमाबाहेरचें तेंच संकटाची सूचना देण्यास योग्य. धूमकेतूचें अशुभत्व त्याच्या अनियमितपणावर उभें होतें. १७०५ सालीं हॅलेनें एका धूमकेतूच्या पुनरागमनाचें भाकीत केलें, आणि १७५८ च्या अखेरीस तो खरोखरच पुन्हा दिसला. त्या दिवशीं धूमकेतु गणितांत बसला, आणि त्याच्या अशुभत्वाचा पाया निघून गेला.

नारळीकरांच्या कथेवरील पहिला आक्षेप येथें येतो. ही कथा धूमकेतूच्या अशुभत्वाविरुद्ध लिहिलेली आहे. पण तिचें कथानक मात्र त्या अशुभत्वाला खरें करून दाखवितें! इंद्राणीदेवी प्रथमपासून म्हणते कीं, हें लक्षण बरें नव्हे. पतिराज हंसतात. पुढें काय होतें? तो धूमकेतु खरोखरच सर्व पृथ्वीवर संकट घेऊन येतो. तिचें कारण चुकीचें असेल. तिचें भाकीत चुकत नाहीं. लेखक विचारानें दत्तदांच्या बाजूस उभा आहे, कथानक मात्र इंद्राणीदेवीच्या बाजूस जाऊन बसलें आहे. कथा वाचून मिटल्यावर सामान्य वाचकाच्या मनांत काय राहतें? धूमकेतु उगवला, संकट आलें, आणि तें थोडक्यांत टळलें. ही तर जुनीच कहाणी झाली.

यावर कोणी म्हणेल कीं, संकटावांचून कथा होत नाहीं, आणि धूमकेतु ग्रहावर आदळणें अशक्यहि नाहीं. दोन्ही गोष्टी मान्य आहेत. जुलै १९९४ मध्यें शूमेकर-लेव्ही या धूमकेतूचे तुकडे गुरूवर आदळले आणि त्यांचे डाग दुर्बिणींतून सर्व जगानें पाहिले. शक्याशक्यतेबद्दल आमची तक्रार नाहीं. तक्रार अशी कीं, भीतीवर प्रहार करावयास निघालेल्या लेखकानें वाचकाच्या मनांत आधींच शिलकेंत असलेल्या त्याच भीतीचें भांडवल वापरलें. १९१० सालीं पृथ्वी हॅलेच्या धूमकेतूच्या पुच्छांतून जाणार, त्या पुच्छांत विषारी वायु आहे, अशी वार्ता पसरली, तेव्हां पाश्चात्य देशांत त्यावरच्या गोळ्यासुद्धां विकल्या गेल्या. ती वार्ता शास्त्राच्या भाषेंत बोलत होती. भीतीनें भाषा बदलली म्हणून भीति बदलत नाहीं.

दुसरा आक्षेप अधिक खोलचा आहे. या कथेंत विज्ञान निकालाच्या रूपानें येतें. शोधाच्या रूपानें येत नाहीं. गणित झालें, निर्णय झाला, अस्त्र सुटलें, काम फत्ते झालें. कोठेंहि शंका नाहीं, कोठेंहि अपुरी माहिती नाहीं, कोठेंहि ‘असें असेल तर’ नाहीं. शिवाय हें सर्व गुप्त. ज्या लोकांच्या डोक्यावर संकट आहे त्यांस कांहींच सांगावयाचें नाहीं. मग या लोकांजवळ यज्ञाखेरीज उरलें काय? शास्त्रज्ञांची गुप्त मंडळी आणि यज्ञ करणारे ऋत्विज या दोघांत, बाहेर उभें राहून पाहणाऱ्या माणसाच्या दृष्टीनें, फरक तो काय? दोघेहि दार लावून घेतात, दोघेहि आपल्याला न कळणाऱ्या भाषेंत बोलतात, आणि दोघेहि शेवटीं म्हणतात, संकट टळलें. इंद्राणीदेवीनें यज्ञावर विश्वास ठेवला हा तिचा दोष असेल. परंतु दुसऱ्या कशावर विश्वास ठेवावा याची संधि कथेनें तिला दिलीच नाहीं.

निकाल आणि शोध यांतील भेद नुसता बोलून समजावयाचा नाहीं. म्हणून धूमकेतूचाच एक खरा शोध येथें पाहूं. फ्रेड व्हिपल या अमेरिकन ज्योतिर्विदानें १९५० सालीं असें मत मांडलें कीं, धूमकेतूचें केंद्र म्हणजे बर्फ आणि धूळ यांचा गोळा होय. सूर्याजवळ आल्यावर त्यांतील बर्फ वितळत नाहीं. निर्वात आकाशांत त्याची एकदम वाफ होते, जसा डबींतला कापूर पाणी न होतांच उडून जातो. ही वाफ आपल्याबरोबर धूळ नेते, आणि तीच आपल्याला पुच्छरूपानें दिसते. म्हणजे ‘धूमकेतु’ या नांवांतला धूर खरा निघाला, फक्त आग खोटी निघाली! मार्च १९८६ मध्यें ‘जोत्तो’ हें यान हॅलेच्या धूमकेतूजवळून सुमारें ६०० किलोमीटरांवरून गेलें, तेव्हां केंद्राचें प्रथमच जवळून दर्शन झालें. बर्फाचा गोळा पांढरा असेल अशी कोणाची समजूत असेल तर ती फोल ठरली. केंद्र कोळशाहून काळें, अंगावर पडलेल्या प्रकाशाचा शेंकडा चारच भाग परत पाठविणारें निघालें.

मग प्रश्न आला : वरती काळी धूळ आणि आंत बर्फ, तर उन्हाचा परिणाम आंतवर पोंचतो कसा, आणि वाफ धुळीला उचलते कशी? आकाशांत जाऊन हें तपासणें तेव्हां शक्य नव्हतें. म्हणून जर्मनींतील कोलोन येथील अवकाशसंशोधनसंस्थेंत १९८७ ते १९९३ या काळांत शास्त्रज्ञांनीं धूमकेतु घरींच करावयाचें ठरविलें. ‘कोसी’ या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या या मालिकेंत अकरा प्रयोग झाले. रीत अशी : पाण्यांत ऑलिव्हीन व मॉन्टमोरिलोनाइट यांसारख्या खनिजांची बारीक पूड आणि थोडा कोळशाचा अंश कालवून तें मिश्रण द्रव नायट्रोजनमध्यें फवारावयाचें. त्याचे तत्क्षणीं गोठलेले कण एका पात्रांत भरावयाचे. कांहीं प्रयोगांत त्यांत कार्बन डायऑक्साइडचें बर्फहि मिसळावयाचें. सुमारें हातभर रुंदीचा हा ‘धूमकेतु’ मोठ्या निर्वात कोठडींत ठेवून सर्व बाजूंनीं द्रव नायट्रोजननें थंड करावयाचा, आणि वरून झेनॉनच्या दिव्यांचा कृत्रिम सूर्य त्यावर तासन् तास पाडावयाचा.

जें दिसलें तें मराठवाड्यांतील शेतकऱ्यास नवें वाटणार नाहीं. पेरणीनंतर जोराची सर येऊन कडक ऊन पडलें कीं काळ्या जमिनीवर पापुद्रा धरतो. खालची ओल वर येत नाहीं आणि अंकुरहि फुटत नाहीं. पात्रांतल्या धूमकेतूवर तसाच प्रकार घडला. प्रथम वरच्या बर्फाची वाफ झाली आणि हलके कण उडाले. जे उडाले नाहींत त्यांचा कोरड्या धुळीचा थर जमला. हा थर उष्णतेला आंत जाऊं देईना, त्यामुळें उत्सर्जन मंदावलें. कार्बन डायऑक्साइडचें बर्फ अधिक अस्थिर, म्हणून तें आधीं आंत आंत सरत गेलें. आणि एक अनपेक्षित गोष्ट झाली : वाफेचा कांहीं भाग बाहेर न पडतां खालीं थंड भागांत जाऊन पुन्हा गोठला, त्यानें कण एकमेकांस सांधले, आणि भुसभुशीत भरलेला नमुना धुळीच्या खालीं टणक झाला.

याहून मौजेचा पेंच पुढें आहे. जात्यावर काम केलेल्या गृहिणीस ठाऊक असतें कीं, रवा हातांतून सुटा पडतो, पण बारीक दळलेलें पीठ बोटांना आणि जात्याला चिकटून बसतें. कण जितका बारीक तितकी त्याची चिकटण्याची शक्ति त्याच्या वजनाच्या मानानें अधिक. धूमकेतूवरील धूळ अतिशय बारीक. ती एकमेकींस धरून बसते. उलट तिला उचलणाऱ्या वाफेचा दाब एका पास्कलच्या आसपास किंवा त्याहूनहि कमी. आपल्या भोंवतालच्या हवेचा दाब सुमारें एक लक्ष पास्कल असतो, हें ध्यानांत घेतलें म्हणजे ही वाफ किती दुबळी तें कळेल. हिशेब असा सांगतो कीं, एकदां धुळीचा थर जमला कीं धूमकेतु गप्प बसला पाहिजे. प्रत्यक्षांत मात्र तो प्रत्येक फेरींत धूळ उधळीत येतो! या विसंगतीवर अलीकडचें एक उत्तर असें कीं, धूळ सुट्या पिठाच्या रूपांत नसून गुठळ्यांच्या रूपांत आहे. गुठळीच्या आंत कण घट्ट, पण गुठळी आणि गुठळी यांतील बंध अगदीं सैल, म्हणून दुबळी वाफहि गुठळ्या उचलूं शकते. तें तपासण्यासाठीं ब्राउनश्वाइग, ग्राझ आणि बर्न येथील शास्त्रज्ञांनीं मिळून नव्या निर्वात कोठड्या उभारल्या. आमच्याकडे अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेंतहि अवकाशांतील बर्फाच्या प्रतिकृतींवर प्रयोग चालतात.

या प्रयोगकर्त्यांची एक गोष्ट वाङ्मयाच्या अभ्यासकानें विशेष लक्षांत घ्यावी. आपल्या प्रतिकृतींत काय नाहीं, हें ते स्वतःच आधीं सांगतात. कोलोनच्या पात्रांत गुरुत्वाकर्षण पृथ्वीचें होतें. खऱ्या धूमकेतूवर तें हजारों पटींनीं कमी असतें, म्हणून तेथें जे ढेकूळ सहज तरंगत निघून जाईल तें येथें जागचें हलत नाहीं. येथें काल तासांचा किंवा दिवसांचा, तेथें युगांचा. येथें नमुना हातभर. तेथें केंद्र कित्येक किलोमीटरांचें. इतकें वजा करूनहि जें उरतें तेवढ्यापुरतेंच ते बोलतात. आणि आकाशानें त्यांस काय उत्तर दिलें? १२ नोव्हेंबर २०१४ रोजीं ‘रोझेटा’ यानानें सोडलेलें ‘फिले’ हें उपकरण चुर्युमोव-गेरासिमेंको या धूमकेतूवर उतरलें. त्याची ठोकून आंत शिरावयाची शलाका पातळ धुळीखालच्या टणक थरापुढें हरली. कोलोनच्या पात्रांत दिसलेल्या टणकपणाशीं हें जुळलें. परंतु फिले उड्या मारीत दुसऱ्या ज्या ठिकाणीं आपटलें होतें, तेथील खुणांचा अभ्यास २०२० सालीं प्रसिद्ध झाला, आणि त्यांत असें दिसलें कीं, तेथील बर्फ-धुळीचें मिश्रण दुधाच्या फेंसाहून मऊ आहे. एकाच धूमकेतूवर एके ठिकाणीं दगड, एके ठिकाणीं फेंस! प्रयोग बरोबर ठरला आणि अपुराहि ठरला.

आतां नारळीकरांच्या कथेकडे परत येऊं. धूमकेतूला स्फोटानें ढकलावयाचें तर तो टणक आहे कीं फेंसासारखा, एकसंध आहे कीं गुठळ्यांचा, हा प्रश्न जीवनमरणाचा आहे. सैल देह धक्का गिळून टाकील, किंवा फुटून एका संकटाचीं दहा संकटें होतील. २६ सप्टेंबर २०२२ रोजीं ‘डार्ट’ यान डिमॉर्फस या लघुग्रहावर मुद्दाम आदळविलें गेलें आणि त्याचा प्रदक्षिणाकाल सुमारें ३३ मिनिटांनीं घटला. त्या यशांतहि आघातानें उडालेल्या मातीदगडांच्या झोताचा वांटा मोठा होता. हें ज्ञान कथा लिहिली गेली तेव्हां उपलब्ध नव्हतें, आणि त्याबद्दल लेखकास दोष देणें अन्यायाचें होईल. परंतु हें आपल्याला ठाऊक नाहीं, हें तर तेव्हांहि ठाऊक होतें! तें अज्ञान कथेंत आलें असतें, शास्त्रज्ञांच्या मंडळींत एकानें ‘आपण ढकलणार आहों तें आहे तरी काय?’ असें विचारलें असतें, तर कथेंत नुसतें संकट न राहतां नाट्य आलें असतें. शंका हा विज्ञानाचा प्राण आहे, आणि योगायोगानें तोच कथेचाहि आहे.

भरतमुनीपासून आमच्याकडे काव्य-नाट्य हें अनुकरण कीं आणखी कांहीं, हा वाद चालत आला आहे. नांदेडचे कै. नरहर कुरुंदकर यांच्यासारख्या चिकित्सक समीक्षकानें रसविचाराची जी कठोर तपासणी केली, तिचें मर्म आम्हांस असें वाटतें कीं, परंपरेचा शब्द आहे एवढ्यावरून तो स्वीकारूं नये, त्याचा आशय तपासावा. त्याच न्यायानें पाहिलें तर पात्रांतला धूमकेतु आणि कथेंतला धूमकेतु या दोन्ही प्रतिसृष्टि आहेत. दोन्हींत खऱ्या सृष्टींतलें थोडें घेतलें आहे आणि पुष्कळ वगळलें आहे. प्रयोगशाळेंतली प्रतिसृष्टि आपण काय वगळलें तें जाणते. म्हणून ती चुकली तरी उपयोगी पडते. कथेनें काय वगळलें, हें कथेलाहि ठाऊक असलें पाहिजे. वाचकाला तें सांगावें असें नव्हे. पण लेखणीला त्याचा भार जाणवला पाहिजे. ‘धूमकेतू’ या कथेंत तो भार जाणवत नाहीं.

आश्चर्य असें कीं, ज्या शंकेची उणीव कथेंत भासते ती नारळीकरांच्या शास्त्रीय आयुष्यांत भरपूर होती. त्यांचे गुरु फ्रेड हॉइल आणि चंद्र विक्रमसिंगे यांचें मत असें कीं, सूक्ष्म जीव धूमकेतूंच्या धुळीबरोबर पृथ्वीवर येत असावेत. बहुतेक शास्त्रज्ञांनीं या मतास मान डोलविली नाहीं. नारळीकरांनीं वाद घालीत बसण्याऐवजीं प्रयोग योजिला. २००१ च्या जानेवारींत हैदराबादच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या फुग्यांच्या केंद्रांतून फुगा सोडून ४१ किलोमीटर उंचीपर्यंतची हवा निर्जंतुक नळकांड्यांत भरून आणली गेली. २० एप्रिल २००५ रोजीं तोच प्रयोग अधिक काटेकोरपणें झाला. द्रव निऑननें थंड केलेल्या यंत्रणेसह ४५९ किलोग्रॅमांचा शास्त्रीय भार फुग्यानें वर नेला. हैदराबाद व पुणें येथील प्रयोगशाळांनीं नमुने स्वतंत्रपणें तपासले. तीन नवे जीवाणू सांपडले. त्यांतल्या एकास हॉइलचें, एकास आर्यभटाचें आणि एकास भारतीय अवकाशसंशोधनसंस्थेचें नांव मिळालें. मार्च २००९ मध्यें हें जाहीर करतांना स्पष्ट सांगण्यांत आलें कीं, हे जीव पृथ्वीबाहेरचेच आहेत असें यावरून निश्चित सिद्ध होत नाहीं. अत्यंत उत्कंठेनें केलेल्या प्रयोगाच्या शेवटीं असें वाक्य लिहिणें हीच विज्ञानाची खरी वीरवृत्ति. ही कथा नारळीकरांच्या हातांत होती. ‘धूमकेतू’ पेक्षां ती कितीतरी मोठी झाली असती.

या फुग्यांचें आमच्या भागाशीं नातें आहे. हैदराबादहून फुगे सुटावयाचे असले म्हणजे उपकरणें वाऱ्याबरोबर जेथें उतरण्याचा संभव, त्या जिल्ह्यांच्या यादींत नांदेड आणि लातूर हीं नांवें असतात. छत्रीला बांधलेली पेटी शेतांत उतरली तर तिला हात लावूं नये, जवळच्या पोलिसांस कळवावें, अशी ती सूचना असते. सूचना रास्तच आहे. परंतु हात लावूं नका या शब्दांपलीकडे, ही पेटी कोणत्या प्रश्नाचें उत्तर आणावयास वर गेली होती, हें त्या शेतकऱ्यास कोणीतरी त्याच्या भाषेंत सांगितलें पाहिजे. तें काम सरकारी सूचनेचें नव्हे, वाङ्मयाचें आहे.

हें आग्रहानें म्हणण्यास कारण आहे. मराठवाड्यांतील एका पिढीला आधुनिक विज्ञान मातृभाषेंत मिळालेंच नाहीं. १९१८ सालीं स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठानें शास्त्रविषय देशी भाषेंत शिकविण्याचें धाडस केलें. त्यासाठीं स्वतंत्र भाषांतरखातें उभारून परिभाषा घडविली. पण ती देशी भाषा उर्दू होती, मराठी नव्हे. १९४८ नंतर राज्य बदललें, आणि उच्च शिक्षणांत विज्ञानाची भाषा इंग्रजी झाली. शेजारीं पुण्यास शंकर बाळकृष्ण दीक्षितांचें ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ १८९६ सालींच मराठींत सिद्ध झालें होतें. येथील विद्यार्थ्याच्या वांट्यास तो वारसा उशिरा आला. त्याच हैदराबादेंत वाढलेल्या, निजामिया वेधशाळेंतील कर्मचाऱ्याच्या मुलानें, वेणु बाप्पू यांनीं, १९४९ सालीं अमेरिकेंत शिकत असतां खराच एक धूमकेतु शोधला, आणि त्यांचें नांव त्याला दोन सहकाऱ्यांच्या नांवांबरोबर मिळालें. त्यानें कोणावर संकट आलें नाहीं; बाप्पूंना पदक मिळालें, आणि पुढें भारतीय ज्योतिर्विज्ञानाच्या वेधशाळा उभ्या राहिल्या. खऱ्या दत्तदांची ही कथाहि मराठींत यावयाची राहिली आहे.

आणि भीतीविषयीं एक शब्द. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरांत धरणी हादरली आणि सुमारें दहा हजार माणसें गेलीं. दख्खनचें पठार स्थिर, येथें मोठा भूकंप होत नाहीं, ही समजूत तेव्हां लोकांचीच नव्हे, पुष्कळ जाणत्यांचीहि होती. ढिगाऱ्यापाशीं उभा असलेला माणूस ‘आमच्याच वाट्याला कां?’ असें विचारतो, तेव्हां त्याला मोजमापाचे आंकडे पुरत नाहींत. आणि आंकड्यांवांचून दिलेलें उत्तर खरें नसतें. या दोहोंमध्यें जी जागा आहे ती वाङ्मयाची. इंद्राणीदेवीची भीति अज्ञानाच्या खात्यांत जमा करून कथा पुढें गेली. ती भीति कशाची, कोणासाठीं, हें पाहण्यास थांबली नाहीं. पति खगोलाकडे पाहतो, ती घराकडे पाहते. घर सांभाळणाऱ्याला अनिश्चिताची भीति अधिक, हा कांहीं मूर्खपणा नव्हे. तिच्याशीं बोलावयाचें असेल तर तिची भीति आधीं समजून घेतली पाहिजे, आणि मग तिला प्रयोगाच्या कोठडीपाशीं आणलें पाहिजे. पीठ आणि रवा यांतला भेद तिला शास्त्रज्ञांच्या आधीं ठाऊक होता.

‘धूमकेतू’ ही कथा आमच्या वाङ्मयांत राहील, आणि राहावी. तिनें विज्ञानकथेस मराठी घराच्या ओसरीवर आणून बसविलें, आणि यज्ञाच्या धुराकडे निर्भयपणें बोट दाखविलें. पुढच्या लेखकांनीं तिचें अनुकरण न करतां तिच्यापुढें जावें, एवढीच अपेक्षा. संकट टाळणारें विज्ञान पुष्कळ लिहून झालें. पात्रांत धुळीचा पापुद्रा धरला, हिशेब चुकला, आणि कोणीतरी दिवा विझवून दुसऱ्या दिवशीं पुन्हा नवा नमुना भरावयास बसला, असें विज्ञान मराठी कथेंत अजून यावयाचें आहे.